शुगर निघाली हे कळलं, पण टाइप कोणता?

सातारा/सांगली : जत असो, आटपाडी असो, माण नाहीतर खटाव असो, तालुक्याच्या बाजारपेठेत आज दहा मिनिटांत साखर तपासून मिळते. आरोग्य उपकेंद्रात बोटाला सुई टोचून बघतात, मेडिकलवाल्याकडे मशीन असतं, यात्रेत आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला मोफत शिबिरं भरतात. कागदावर आकडा येतो. २८०, ३४०, कधी ४१०. मग गोळी चालू होते आणि घरात सांगितलं जातं, चहात साखर बंद, भात कमी.

इथपर्यंतची सोय बऱ्यापैकी गावात पोहोचली आहे. त्यापुढचा प्रश्न मात्र फार कमी वेळा विचारला जातो. ही शुगर कोणत्या टाइपची?

माणूस पन्नाशीचा असेल, पोट सुटलेलं असेल, आईवडिलांनाही शुगर असेल, तर हा प्रश्न न विचारल्याने फारसं बिघडत नाही. तो जवळजवळ नक्कीच टाइप २ असतो आणि गोळीने केलेली सुरुवात बरोबरच असते. पण हाच आकडा बारा वर्षांच्या मुलीचा असेल, किंवा चाळिशीतल्या बाईचा असेल आणि दोन महिन्यांत तिचं वजन दहा किलोनं उतरलं असेल, तर टाइप न विचारणं जिवावर बेतू शकतं.

हा विषय आत्ता पुढे येण्याला दोन कारणं आहेत. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकला झालेल्या आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या परिषदेत कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला ‘टाइप ५’ अशी वेगळी ओळख मिळाली. दुसरं कारण औषधाच्या दुकानातलं आहे. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या गोळीचं पेटंट संपलं आणि तिच्या स्वस्त आवृत्त्या बाजारात आल्या. तिच्याच जातीची डापाग्लिफ्लोझिन त्याआधीच स्वस्त झाली होती. टाइप २ च्या पेशंटला, त्यातही हृदय आणि किडनीला, या गोळ्या खरोखर चांगल्या. पण ज्याच्या अंगात इन्सुलिनच उरलेलं नाही अशा माणसाला टाइप २ समजून त्या दिल्या, तर धोका उभा राहतो. तो कसा, ते पुढे येईलच.

नाव एक, आजार वेगवेगळे

पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. जेवणातून रक्तात आलेली साखर अंगाच्या कामी लावायची तर इन्सुलिन लागतं.

टाइप २ मध्ये इन्सुलिन बनत असतं, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही, आणि हळूहळू बनणंही कमी होत जातं. टाइप १ चं तंत्र निराळं. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच चुकून बीटा पेशींवर उलटते आणि त्या संपवते. साखर खाल्ल्याने तो होत नाही, आईच्या खाण्यापिण्यानेही नाही. त्यावर इन्सुलिन हाच उपाय आहे आणि तो आयुष्यभराचा आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे १० कोटी १० लाख लोक आहेत. त्यातले बहुतेक टाइप २. टाइप १ चे रुग्ण आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०२२ च्या अंदाजानुसार साडेआठ लाखांच्या आसपास. म्हणजे शंभरात एखादा. हा एखादाच नेमका गर्दीत हरवतो. सरकारची गावोगावची तपासणी मोहीम तीस वर्षांवरच्यांसाठी आहे, आशाताईंचा फॉर्म तिथूनच सुरू होतो. टाइप १ मात्र शाळकरी वयात गाठतो.

लहान मुलात तो दिवसांत, फार तर आठवड्यांत दिसायला लागतो. सारखी तहान, रात्रीत चार-पाच वेळा लघवी, बंद झालेलं अंथरुण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, खाऊनही वजन उतरणं. जुनी माणसं लघवीला मुंग्या लागल्या की ओळखायची, तीच खूण. या टप्प्यावर बोटाला एक सुई टोचली तर मूल चालत घरी येतं. टोचली नाही तर पुढे उलट्या, पोटदुखी, धाप आणि तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. इन्सुलिन नसल्याने शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन नावाचं आम्ल रक्तात साठतं. हीच ‘कीटोॲसिडोसिस’ची अवस्था. तिला अपेंडिक्स, गॅस्ट्रो, न्यूमोनिया समजलं जाणं जगभर होतं.

गावात त्यात आणखी एक भर पडते. पोर गळून गेलंय म्हणून ‘ग्लुकोजची बाटली’ चढवली जाते. आधीच साखरेने भरलेल्या रक्तात आणखी साखर. उलट्या करणाऱ्या, धापणाऱ्या मुलाला कुठलीही बाटली लावण्याआधी बोटाची साखर बघा, एवढा आग्रह नातेवाइकांनी धरला तरी चालेल. त्यात डॉक्टरांचा अपमान होत नाही. साखर जास्त निघाली तर तालुक्यात थांबायचं नाही. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, कराडचं कृष्णा रुग्णालय किंवा जवळचं बालरोगतज्ज्ञ असलेलं मोठं रुग्णालय गाठायचं, तेही त्याच दिवशी.

चुकीचं लेबल

टाइप १ हा फक्त पोरांचाच आजार, ही समजूत डॉक्टरांपासून पेशंटपर्यंत सगळ्यांना आहे. ब्रिटनच्या थेरेसा मे यांचं उदाहरण घ्या. २०१२ मध्ये, त्या गृहमंत्री असताना, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांना मधुमेह निघाला. वय बघून टाइप २ ठरवलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांचा उपयोग होईना, पुन्हा तपासलं तर टाइप १. पुढे त्या इन्सुलिन घेत घेतच पंतप्रधान झाल्या. आपल्या ओळखीचं नाव हवं तर वसीम अक्रम. १९९७ मध्ये, ऐन तिशीत, त्याला टाइप १ निघाला. इन्सुलिन घेऊन तो २००३ च्या वर्ल्ड कपपर्यंत खेळला आणि त्याच स्पर्धेत त्याने वन-डेतली पाचशेवी विकेट घेतली.

ज्या देशात फॅमिली डॉक्टरची व्यवस्था आहे तिथे गृहमंत्र्यांच्या बाबतीत चूक होते, तर खानापूर किंवा दहिवडीच्या दवाखान्यात ती होणं नवल नाही. प्रश्न एवढाच, की ती किती लवकर लक्षात येते.

कारण टाइप २ च्या पेशंटने औषध सोडलं तर नुकसान वर्षांनी दिसतं. डोळे, किडनी, पायाची जखम. टाइप १ च्या पेशंटने इन्सुलिन सोडलं तर दोन-तीन दिवसांत आयसीयू. ‘शुगर मुळापासून घालवतो’ असं सांगणाऱ्यांच्या पुड्या आणि काढे दोन्ही जिल्ह्यांत खपतात. मोबाईलवर तर रोज नवा व्हिडिओ येतो. ते घेऊन टाइप २ चा माणूस कदाचित तगून जाईल. टाइप १ चं पोर तगणार नाही. ‘इन्सुलिनची सवय लागते’ हे वाक्य घरात कुणी उच्चारलं, तर समोरचा कुठल्या टाइपचा आहे हे आधी विचारायला हवं. टाइप १ वाल्याला इन्सुलिनची सवय जन्मापासूनच असते, फक्त आधी ते त्याच्या पोटात बनत होतं.

आता त्या स्वस्त गोळ्यांचं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या जादा साखर लघवीवाटे बाहेर काढतात. त्यामुळे आतून कीटोन वाढत असतानाही बोटाची साखर १८० किंवा २०० च दाखवते. पेशंट उलट्या करतोय, धापतोय, आणि मशीन म्हणतंय साखर ठीक आहे. म्हणून या गोळीवर असलेल्या, विशेषतः बारीक अंगाच्या माणसाला असं झालं, तर साखरेबरोबर कीटोनही बघावे लागतात. लघवीत बुडवायची कीटोनची पट्टी मिळते, एका पट्टीला काही रुपये पडतात. सगळ्या मधुमेह तपासण्यांत ही सर्वात दुर्लक्षित आणि वेळेला सर्वात उपयोगी.

बांध्यावरून टाइप ओळखता येत नाही

मग सडपातळ तो टाइप १ आणि जाडा तो टाइप २, असं सोपं गणित मांडता येईल का? आपल्याकडे ते लागू पडत नाही, आणि हे दाखवून देणारं बरंचसं काम पुण्यातलं आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. बघायला दोघेही बेताचे. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी. म्हणून आपल्याकडे सडपातळ माणसालाही टाइप २ होतो, तोही तरुणपणी.

त्याच केईएमच्या पेशंटवरचा आणखी एक अभ्यास २०२२ मध्ये आला. ४५ वर्षांच्या आत टाइप २ निघालेल्या १,६१२ जणांना त्यात गटांत विभागलं. स्वीडनमध्ये काढलेल्या गटांशी ताडून पाहिलं तेव्हा पुण्यात सगळ्यात मोठा गट निघाला तो इन्सुलिन फार कमी बनणाऱ्यांचा. आपल्या लोकांचा टाइप २ सुद्धा पुस्तकातल्या टाइप २ सारखा नाही, असा याचा अर्थ. इथेच डॉक्टरांची खरी पंचाईत होते. समोर तिशीतला काटकुळा माणूस बसलाय, साखर ३५०. तो टाइप १ असू शकतो, कमी इन्सुलिनवाला टाइप २ असू शकतो, किंवा तिसरंच काही. नजरेने सांगता येत नाही. तपासणी लागते.

कोणती तपासणी काय सांगते

आधी काय सांगत नाही ते पाहू. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा जास्त, तीन महिन्यांची सरासरी म्हणजे एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त, हे आकडे मधुमेह आहे एवढंच सांगतात. टाइप सांगत नाहीत. एचबीएवनसी १४ आला म्हणून टाइप १ आणि ८ आला म्हणून टाइप २, असं काही नसतं. शिवाय हा आकडा रक्तातल्या हिमोग्लोबिनवर मोजतात. अंगात लोह कमी असेल तर तो खरा असतो त्यापेक्षा जास्त दिसू शकतो, आणि रक्तपेशी लवकर फुटण्याचा आजार असेल तर कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला होता. तेव्हा बायकांच्या बाबतीत हा एकच कागद बघून निर्णय घेणं धोक्याचं.

टाइप ओळखायची मुख्य तपासणी म्हणजे सी-पेप्टाइड. ती समजायला भुईमुगाची शेंग आठवावी. शेंग फोडली की दाणा आणि टरफल दोन्ही निघतात. स्वादुपिंडात इन्सुलिन असंच एका मोठ्या साखळीतून तुटून बनतं. एका बाजूला इन्सुलिन, दुसऱ्या बाजूला सी-पेप्टाइड, दोन्ही सारख्याच संख्येने. बाहेरून घेतलेलं इन्सुलिन हे बाजारातून आणलेले सोललेले दाणे, त्यात टरफल नसतं. म्हणून इन्सुलिन चालू असलेल्या माणसाच्या रक्तातही टरफलं मोजता येतात आणि त्याचं स्वतःचं शेत अजून किती पिकतंय हे कळतं.

हा आकडा बहुतेक लॅब नॅनोग्रॅममध्ये देतात. जेवणानंतर पाच तासांच्या आत घेतलेल्या रक्तात तो ०.६ च्या खाली असेल तर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ संपलंय, कल टाइप १ कडे. १.८ च्या वर असेल तर इन्सुलिन बऱ्यापैकी बनतंय, कल टाइप २ कडे. मधला आकडा म्हणजे अधांतरी, काही काळाने पुन्हा बघायचं.

पण या तपासणीला अटी आहेत, आणि त्या पाळल्या नाहीत तर पैसे पाण्यात. रक्त घेताना त्याच वेळची साखरही मोजायला हवी. साखर ७० च्या खाली असेल तर स्वादुपिंड गप्प बसलेलं असतं, सी-पेप्टाइड खोटंच कमी दिसतं. साखर खूप दिवस खूप चढलेली असेल तरी बीटा पेशी थकून बसतात आणि आकडा कमी येतो, साखर आटोक्यात आल्यावर तो वाढूही शकतो. म्हणून कीटोॲसिडोसिसमधून उठल्यावर निदान दोन आठवडे ही तपासणी करू नये. किडनी बिघडलेली असेल तर उलट आकडा फुगतो. आणि सगळ्यात फसवी गोष्ट अशी, की टाइप १ नुकताच निघालेल्या माणसात काही बीटा पेशी शिल्लक असतात. इन्सुलिन चालू झालं की त्यांना उसंत मिळते आणि काही महिने सी-पेप्टाइड चांगलं येतं. ‘बघा, आजार गेला’ म्हणून इन्सुलिन बंद करायचा मोह याच काळात होतो. तसं करायचं नसतं. निदान होऊन तीन वर्षं उलटल्यावर या तपासणीचा निकाल सर्वात भरवशाचा.

सुरुवातीच्या काळात मग काय करायचं? तिथे अँटीबॉडी कामाला येतात. बीटा पेशींवर हल्ला झाला असेल तर त्या हल्ल्याच्या खुणा रक्तात सापडतात. जीएडी ही मोठ्या माणसांत पहिली बघायची. तिच्या जोडीला आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर-८. इन्सुलिनविरोधी अँटीबॉडी नावाची आणखी एक असते, पण इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू होऊन एक-दोन आठवडे झाले की ती इंजेक्शनामुळेही येऊ शकते, तेव्हा ती आधीच बघायची. सी-पेप्टाइड काहीशे ते हजाराच्या घरात होतं. अँटीबॉडी त्याहून बऱ्याच महाग.

अँटीबॉडी सापडली, जोडीला वजन उतरणं, कीटोन, तरुण वय असेल, तर टाइप १ धरायला हरकत नाही. सापडली नाही म्हणून टाइप १ नाही, असं मात्र म्हणता येत नाही. भारतीय पेशंटमध्ये त्या युरोपियनांपेक्षा कमी सापडतात, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. पोराची लक्षणं स्पष्ट असतील तर अँटीबॉडीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायचंही नाही. आधी इन्सुलिन, मग रिपोर्ट.

या अडचणीवर पुणे, हैदराबाद आणि इंग्लंडमधलं एक्सेटर इथल्या संशोधकांनी मिळून एक वाट शोधली. टाइप १ चा धोका वाढवणारे जे छोटे जनुकीय फरक आहेत, त्यांची बेरीज करून एक आकडा काढायचा. तो मुळात युरोपियनांसाठी बसवलेला. केईएममधल्या टाइप १ चे २६२, टाइप २ चे ३५२ आणि मधुमेह नसलेले ३३४, अशा लोकांवर तो वापरून पाहिला. २०२० मध्ये निकाल छापून आला. भारतीयांमध्येही तो टाइप १ आणि टाइप २ वेगळे करायला मदत करतो, मात्र युरोपियनांइतका धारदार नाही, आपल्या लोकांचे जनुकीय फरक थोडे वेगळे आहेत. तालुक्याच्या लॅबमध्ये ही तपासणी मिळत नाही. पण आपल्या रक्तावरून आपली मापं बसवायचं काम पुण्यात सुरू झालं, हे छोटं नाही.

साधी सोनोग्राफीसुद्धा टाइप ठरवते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. वर्षानुवर्षं पोट दुखतंय, संडास तेलकट होते, वजन भरत नाही आणि आता शुगर निघाली, असा पेशंट असेल तर स्वादुपिंडातच खडे किंवा जुनी सूज असू शकते. दारू हे एक कारण आहे. दारूला कधी न शिवलेल्या तरुणांतही, विशेषतः उष्ण कटिबंधातल्या देशांत, असे खडे होतात. इथे दोन हजारांच्या अँटीबॉडीआधी तालुक्यातलीच सोनोग्राफी जास्त सांगून जाते. उपचारही वेगळे, पचनाची एन्झाइमंही द्यावी लागतात.

सहा महिन्यांच्या आतलं बाळ

आता अशी एक गोष्ट, जी प्रत्येक अंगणवाडीताईला ठाऊक असावी. सहा महिन्यांच्या आत बाळाला मधुमेह निघाला तर तो बहुतेक वेळा टाइप १ नसतोच. एकाच जनुकातला बिघाड असतो. त्यातल्या काही बिघाडांत इन्सुलिन बनतं, पण पेशीचं दार उघडत नाही म्हणून आतच अडकतं. ग्लिबेनक्लामाइड या जुन्या, स्वस्त गोळीने ते दार उघडतं. दिवसातून चार-चार सुया टोचून घेणारी बाळं जनुकीय तपासणीनंतर नुसत्या गोळीवर आली आहेत. आपल्या देशात चेन्नईची मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशन ही तपासणी करते. एक्सेटरच्या केंद्राने जगभरातून आलेल्या अशा बाळांचे नमुने वर्षानुवर्षं मोफत तपासले आहेत. रक्ताचा नमुना कुरिअरने जातो, बाळाला हलवावं लागत नाही. बाळाचे डॉक्टर तो पाठवू शकतात.

असाच एका जनुकाचा मधुमेह मोठ्यांतही असतो. आजोबा, वडील, मुलगा, तिघांनाही पंचविशीच्या आत शुगर, कुणीच लठ्ठ नाही, अँटीबॉडी नाही, सी-पेप्टाइड चांगलं. अशा घरात जनुकीय तपासणीचा विचार व्हावा. त्यातल्या एका प्रकाराला तर औषधच लागत नाही, आणि त्या माणसांना वर्षानुवर्षं गोळ्या चालू असतात.

टाइप ५ चं काय?

बँकॉकच्या घोषणेनंतर मोबाईलवर ‘नवा मधुमेह आला’ असे मेसेज फिरले. नवा काही नाही. १९५५ मध्ये जमैकात त्याची नोंद झाली होती. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कुपोषणाशी निगडित मधुमेह म्हणून त्याला वेगळी जागा दिली आणि १९९९ मध्ये पुरावा पुरेसा नाही म्हणून काढूनही घेतली. त्याला परत आणणारा महत्त्वाचा अभ्यास आपल्याच देशातल्या वेल्लोरचा. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेजबरोबर कृश तरुण पुरुषांना बारकाईने तपासलं. इन्सुलिन कमी बनतं, पण जे बनतं त्याला शरीर दाद देतं, असं त्यांच्यात दिसलं. जगात असे दोन ते अडीच कोटी लोक असावेत असा अंदाज सांगितला जातो.

माणदेशात आणि जतच्या पूर्व भागात दुष्काळ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बहात्तरच्या दुष्काळात आईच्या पोटात असलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. लहानपणीची उपासमार स्वादुपिंड कायमचं लहान ठेवते का, हा प्रश्न इथल्या घरांना जवळचा आहे. आणि तो उपचाराशी थेट जोडलेला आहे. अशा माणसाला टाइप १ समजून भरपूर इन्सुलिन दिलं आणि त्या दिवशी रोजगार नाही म्हणून जेवण अर्धंच झालं, तर साखर एकदम खाली जाऊन तो बेशुद्ध पडेल.

मात्र टाइप ५ ची स्वतःची अशी एकही तपासणी नाही. तरुण वय, खूप कमी वजन, कीटोन न होणं, अँटीबॉडी नसणं, सी-पेप्टाइड मध्यम-कमी, सोनोग्राफीत खडे नसणं, असं एकेक वगळत तिथे पोहोचायचं. निकषांवर तज्ज्ञांचा अजून वाद चालू आहे. उद्या कुणी ‘टाइप ५ पॅकेज’ म्हणून तपासणी विकायला लागलं तर ते पैसे उकळणं आहे.

सगळ्यांनी पळत सुटायची गरज नाही

पन्नाशीच्या, वजनदार, गोळीवर साखर आटोक्यात असलेल्या माणसाने सी-पेप्टाइडवर एक रुपयाही घालवू नये. टाइपची विचारणा करायची ती पस्तिशीच्या आत शुगर निघाली तर, वजन उतरत असेल तर, लघवीत कीटोन आले तर, दोन-तीन गोळ्या देऊनही सहा महिन्यांत साखर खाली येत नसेल तर. थायरॉइड किंवा कोड असलेल्या माणसाला शुगर निघाली तरीही, कारण शरीर स्वतःवरच उलटण्याचे आजार एकमेकांची सोबत करतात. डॉक्टरांना एवढंच म्हणायचं, ‘डॉक्टर, टाइप नक्की करायला काही तपासायचं का?’

आणि जुने कागद फेकायचे नाहीत. विटा-आटपाडीचे गलाईवाले देशभर पसरलेत, मेंढपाळ आणि ऊसतोडवाले सहा-सहा महिने बाहेर असतात. एक रिपोर्ट परराज्यातला, एक कारखान्याच्या गावचा. शुगर पहिल्यांदा निघाली त्या दिवशीचा आकडा, तेव्हाचं वजन आणि कीटोन होते की नाही, या तीन गोष्टी पाच वर्षांनीही टाइप ठरवायला मदत करतात. मोबाईलमध्ये त्या कागदाचा फोटो काढून ठेवला तरी पुरतं.

राहिला प्रश्न नमुन्याचा. तालुक्यातल्या बहुतेक लॅब सी-पेप्टाइड स्वतः करत नाहीत, रक्त घेऊन मोठ्या शहरात पाठवतात. साध्या ट्यूबमधलं रक्त तसंच उन्हात, गाडीच्या डिकीत पडून राहिलं तर सी-पेप्टाइड विरघळत जातं आणि इन्सुलिन बनत असलेल्या माणसाचाही रिपोर्ट कमी येऊ शकतो. रक्त लगेच फिरवून वरचं पाणी वेगळं करून बर्फात पाठवलं तर ठीक. नाहीतर ईडीटीएची, म्हणजे जांभळ्या टोपणाची ट्यूब वापरली तर नमुना साध्या तापमानालाही २४ तास टिकतो, असं एक्सेटरच्याच लोकांनी दाखवलंय. पुढची लॅब ती ट्यूब स्वीकारते का, हे मात्र आधी विचारावं लागतं. तेव्हा रक्त द्यायला बसण्यापूर्वी लॅबवाल्या दादांना तीन गोष्टी विचारून घ्यायच्या : नमुना कोणत्या ट्यूबमध्ये घेणार, गाडी किती वाजता निघते, आणि याच रक्तातली साखर त्याच कागदावर येणार का.